अकरा रात्री, आठ देश आणि एक बस: जूनमधली युरोप टूर, सल्ला हवाय

उनाडमैना

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन युरोपला जायचं चाललंय, जूनचा पहिला पंधरवडा. दोघंही साठी ओलांडलेले, आई चालायला एकदम खमकी आहे, बाबांचा एक गुडघा जिने बघितले की कुरकुरतो, बाकी उत्साह माझ्यापेक्षा जास्तच. सगळं स्वतः बुक करत फिरूया म्हटलं तर बाबाच आधी नको म्हणाले, त्यांना बॅग कुणीतरी बसमध्ये ठेवणारं आणि सकाळी कुठे जायचं ते सांगणारं माणूस हवंय, म्हणून मग ग्रुपची बसटूर. पैसे अजून भरले नाहीयेत, म्हणून आधी इथे विचारतेय.

कार्यक्रम असा आहे. सोमवारी पॅरिसला उतरायचं, तिथे दोन रात्री. मग ब्रसेल्स करत अ‍ॅमस्टरडॅमजवळ एक रात्र, मग कोलोनजवळ एक, मग टिटिसी (जर्मनीतलं एक तळं) आणि ऱ्हाइनचा धबधबा बघत ल्यूसर्नला दोन रात्री (मधल्या दिवशी माउंट टिटलिस), मग इन्सब्रुक एक, व्हेनिसजवळ एक, फ्लॉरेन्सजवळ एक, पिसा करत रोमला दोन रात्री आणि परत. व्हॅटिकन धरून आठ देश होतात असं ब्रोशरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

आता मला काय कळत नाहीये ते सांगते. एक म्हणजे यात बसमध्ये नक्की किती तास जाणार? मी विचारलं तर "रस्ते एकदम मस्त असतात, कळणारही नाही" असं उत्तर मिळालं, जे उत्तर नाहीये. दुसरं, अर्ध्या ठिकाणी "पॅनोरॅमिक टूर", "ओरिएंटेशन टूर", "फोटो स्टॉप" असं काय काय लिहिलंय, त्यातलं आत जाऊन बघायचं किती आणि काचेतून बघायचं किती? आणि तिसरं, ऑप्शनल म्हणून जी यादी दिलीय ती सगळी घेतली तर बजेट पार कोलमडतं, त्यातलं खरंच घेण्यासारखं काय? ज्यांनी अशी धावती टूर केलीय त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

जुना_वाटाड्या

ताई, मी बरीच वर्षं युरोपात ग्रुप फिरवायचं काम केलंय, आता बंद आहे त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ब्रोशरमध्ये कधीच नसतं, ते ड्रायव्हरच्या नियमात असतं.

युरोपियन युनियनचा कायदा असा आहे की बस चालवणाऱ्याने दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास. सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचीच, ती तुकड्यांत घेता येते पण टाळता येत नाही. आणि रात्री ११ तास सुट्टी, काही दिवशी ती ९ तासांवर आणता येते. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रावर नोंदलं जातं, पोलीस वाटेत कुठेही थांबवून तपासतात आणि दंड होतो. म्हणून टूर मॅनेजर जेव्हा "नऊ म्हणजे नऊ" म्हणून ओरडतो तेव्हा तो तुमच्यावर खुन्नस काढत नसतो, रात्री हॉटेलला पोचायची वेळ पुढे गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ पण पुढे जाते आणि मग ज्या धबधब्यावर एक तास मिळायचा तिथे वीस मिनिटं मिळतात. वीस मिनिटं उशिरा येणारं एक जोडपं प्रत्येक ग्रुपमध्ये असतंच, ते पण लक्षात ठेवा.

आता तुमचा कार्यक्रम बघतो. मोटरवेवर टूरिस्ट बसला बहुतेक देशांत १०० चीच मर्यादा आहे, त्यात शहरात शिरणं-निघणं आणि थांबे धरले की सरासरी साठ-सत्तरच्या वर जात नाही. हा आकडा घ्या आणि प्रत्येक दिवसाच्या किलोमीटरला भागा, झालं, तुमचं उत्तर मिळालं. पॅरिस ते ब्रसेल्स तीनशेच्या वर थोडं, तिथून अ‍ॅमस्टरडॅम दोनशेच्या वर थोडं, म्हणजे तो दिवस मुख्यतः रस्त्यावर आणि ब्रसेल्सला दीड-दोन तास. त्यात ग्रांड प्लास हा मुख्य चौक आणि मानेकन पिस होतं, पुरेसं आहे, मानेकन पिस बघून सगळेच म्हणतात "एवढंच?", साठ सेंटिमीटरच्या आतबाहेरचा पुतळा आहे आणि तिथे उभा असलेला तर प्रतिकृती आहे, मूळ पुतळा ग्रांड प्लासवरच्या संग्रहालयात ठेवलाय.

तुमचा खरा मरणाचा दिवस कोलोन ते ल्यूसर्न. टिटिसी आणि ऱ्हाइन फॉल्स धरून सहाशे किलोमीटरच्या आसपास जातं. सकाळी आठला निघून संध्याकाळी सात-आठला पोचाल. दुसरा असा दिवस म्हणजे फ्लॉरेन्स, पिसा, रोम एकाच दिवसात, पिसा हे रोमच्या वाटेवर नाहीये, उलट दिशेला समुद्राकडे जायचं आणि मग खाली यायचं. हे दोन दिवस सोडले तर बाकी ठीक आहे. इन्सब्रुकचा दिवस छोटा आहे, ल्यूसर्नहून तीनशे किलोमीटर, आर्लबर्गचा रस्ता सुंदर आहे, त्या दिवशी बसमध्ये झोपू नका.

पॅनोरॅमिक म्हणजे बसमधून, गाइड माइकवर सांगत राहतो, तुम्ही डावीकडे बघा उजवीकडे बघा करत राहता. ओरिएंटेशन म्हणजे टूर मॅनेजर पायी थोडं फिरवतो, चौक दाखवतो, टॉयलेट कुठे ते दाखवतो आणि सोडून देतो. फोटो स्टॉप म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. आत नेणार असतील तर "एंट्री" किंवा "तिकीटासह" असा शब्द असतो. तो शब्द नसेल तर आत नाही, यात अर्थ काढत बसू नका. तुमच्या कागदावर तो शब्द पेनाने गोल करा आणि मोजा.

रूळावरून

गोड बोलू नका म्हणालात म्हणून बोलतो. माझं मत आहे की ही टूर घेऊच नका. अकरा रात्रींत आठ हॉटेलं, म्हणजे जवळजवळ रोज सकाळी साडेसहाला बॅग दाराबाहेर. पॅरिसला उतरून दोन रात्री, त्यातला पहिला दिवस झोपेत गेला की पॅरिसला एकच दिवस उरतो, ज्या शहराला चार दिवस दिले तरी कमी पडतात. अ‍ॅमस्टरडॅमला तर तुम्ही खरं म्हणजे जातच नाही आहात, "अ‍ॅमस्टरडॅमजवळ" झोपताय. २०२४ पासून साडेसात टनांवरच्या बसला तिथे शहराच्या मधल्या भागात, एस-१०० रिंगरोडच्या आत बंदीच आहे, त्यामुळे बस बाहेर थांबते आणि तुम्हाला चालत किंवा ट्रामने आत जावं लागतं. कालव्यातली बोटीची एक तासाची फेरी मारली की वेळ संपला. अ‍ॅन फ्रँक हाउस विसरा, त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन निघतात, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची, आणि लगेच संपतात. आणि ब्रोशरवर ट्युलिपचा फोटो असेल तर हसा आणि सोडून द्या, कॉयकेनहॉफ ही ट्युलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, जूनमध्ये तिथे काही नाही.

त्यापेक्षा पॅरिस चार रात्री, तिथून ट्रेनने स्वित्झर्लंड तीन रात्री, मग फ्लॉरेन्स-रोम. तीन देश, तीन-चार हॉटेलं. फ्लॉरेन्स ते रोम फास्ट ट्रेनने दीड तास लागतो, बसला साडेतीन-चार. स्टेशनं शहराच्या मध्यभागी असतात, हॉटेल चालत. आठ देश कुणाला दाखवायचेत?

गप्पूशेठ

रूळावरूनदादा, तुमचं सगळं खरं आहे पण त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. बाबांना बॅग उचलायची नाहीये. ट्रेनमध्ये तीन पायऱ्या चढून बॅग वर टाकायची, फलाट बदलायचा, पाच मिनिटांत गाडी पकडायची, हे सगळं त्यांच्या मुलीवर येणार. ती सुट्टीवर जाणार की हमाली करायला?

आम्ही घरचे मोठे लोक घेऊन अशीच टूर केली होती आणि खरं सांगू, मला मजा आली. तुम्ही म्हणता काचेतून बघतात, पण ब्रेनरची खिंड ओलांडून ऑस्ट्रियातून इटलीत उतरताना जे दिसतं, घरांची छपरं बदलतात, द्राक्षाचे मळे सुरू होतात, पाट्यांवर जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषा दिसायला लागतात, ते विमानातून दिसत नाही आणि बोगद्यातल्या ट्रेनमधून तर त्याहून नाही. माझ्या सासऱ्यांना आज ब्रसेल्समधलं काही आठवत नाही पण त्यांना तो रस्ता आठवतो. कुठल्या शहरात परत यायचं ते कळायला पण हीच टूर बरी, सगळ्यांनाच पॅरिस आवडतं असं नाही, आमच्याकडे निम्म्या लोकांनी पहिल्या दिवशीच नाकं मुरडली आणि कोलोनला मात्र कॅथेड्रलसमोर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. १२४८ ला सुरू झालेलं बांधकाम १८८० ला पूर्ण झालं आणि १५७ मीटर उंच आहे हे गाइडने सांगितलं, पण ते काळं-करडं प्रकरण समोर उभं बघितल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नसतो. शिवाय ते स्टेशनच्या अगदी बाजूला आहे, आम्ही गेलो तेव्हा आत जायला तिकीट नव्हतं, म्हणजे फोटो स्टॉपवालेही आत जाऊन येऊ शकत होते. वर चढायचं मात्र नको, ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, बाबांना खाली बसवून ठेवा.

एकच सांगतो, बसमध्ये सीट रोज फिरती आहे का विचारा. नसेल तर पहिल्या दिवशी पुढची सीट पकडलेला माणूस शेवटपर्यंत उठत नाही आणि त्यावरून जी भांडणं होतात ना, त्यापुढे युरोपचा इतिहास काहीच नाही.

उनाडमैना

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. वाटाड्यादादा, मी पेन घेऊन बसले. "एंट्री" हा शब्द बारा दिवसांत सहा ठिकाणी आहे. आयफेल टॉवर दुसरा मजला, सेन नदीची बोट, अ‍ॅमस्टरडॅमची बोट, टिटलिस, इन्सब्रुकजवळचं क्रिस्टल म्युझियम आणि व्हॅटिकन म्युझियम. कलोसियम "बाहेरून". लूव्र "बाहेरून". पिसाचा मनोरा "बाहेरून" (तो तर बाहेरूनच बघायचा ना तसाही). गोंडोला ऑप्शनल, पॅरिस बाय नाइट ऑप्शनल, युंगफ्राउयोख ऑप्शनल.

रूळावरून, तुमचं पटतंय पण बाबा ऐकणार नाहीत, त्यांनी नकाशावर रेघ मारून भिंतीला लावलाय. तेव्हा टूर हीच, पण कंपनीशी बोलून काही बदलता येतं का ते बघते. आयफेलचा दुसरा मजलाच का, सगळ्यात वरती का नाही नेत? आणि व्हेनिसचं कुणी सांगितलं नाही.

जुना_वाटाड्या

दुसरा मजला चांगलाच आहे. तो ११५ मीटरच्या आसपास आहे, टोक पावणेतीनशेला. दुसऱ्या मजल्यावरून लूव्र, नोत्रदाम, आर्क द त्रिआम्फ ओळखू येतात, टोकावरून सगळं सपाट नकाशा दिसतो आणि वरची लिफ्ट वेगळी, तिची रांग वेगळी. वाऱ्यामुळे टोक बंदही करतात. ग्रुपला दुसरा मजलाच सोयीचा.

तुमचा पॅरिसचा दिवस मंगळवार आहे, आणि लूव्र मंगळवारी बंद असतं. म्हणजे "बाहेरून"चा प्रश्नच मिटला, ऑप्शनलमध्ये कुणी लूव्र विकायला लागलं तर हे सांगा. ओर्से म्युझियम सोमवारी बंद असतं, मंगळवारी उघडं, चित्रांची आवड असेल तर मोकळ्या वेळात ते करा. नोत्रदाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलंय, प्रवेश फुकट आहे, फुकटची वेळ ऑनलाइन आधी घेता येते.

पॅरिस बाय नाइट जूनमध्ये घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. आयफेलचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही साडेदहा-अकरापर्यंत ताटकळत, हॉटेलला येईपर्यंत बारा, आणि सकाळी ब्रसेल्सला निघायचंय. नोव्हेंबरात हीच टूर सहा वाजता होते, तेव्हा घ्यावी. जूनमध्ये कंपन्या हीच टूर उजेडात फिरवून आणतात आणि लोक विचारतात की दिवे कुठेत.

व्हेनिस. बस त्रोंकेत्तो नावाच्या बेटावर थांबते, तिथून मोटरबोटीने सान मार्कोजवळ, आणि उरलेलं सगळं पायी, पूल आले की पायऱ्या. बाबांच्या गुडघ्यासाठी बाकी कुठल्याही शहरापेक्षा व्हेनिस अवघड आहे, शहरभर चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्याच. सान मार्कोच्या चौकात मात्र सपाट आहे, तिथे त्यांना कॉफी घेऊन बसवता येईल पण आधी मेनू बघा, बँड वाजत असेल तर त्याचे पैसे कॉफीत लागतात. चौकाच्या पायऱ्यांवर बसून खायचं नाही, दंड आहे.

ग्रुप किती जणांचा आहे? २०२४ च्या उन्हाळ्यापासून तिथे एका गाइडबरोबर २५ हून जास्त माणसं चालत नाहीत आणि लाउडस्पीकरही बंद आहे. पंचेचाळीस जणांची बस असेल तर दोन तुकड्या होणार, दोन गाइड लागणार, ते पैसे कुणाचे ते आधी विचारून घ्या. कानात घालायचे रेडिओ देतात का तेही.

आणखी एक, शहराची प्रवेश फी. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक तारखांना, बहुतेक शुक्रवार ते रविवार, दिवसभरासाठी येणाऱ्यांना सकाळी साडेआठ ते दुपारी चार ५ युरो द्यावे लागतात, ऐनवेळी भरले तर १० (२०२५ पासून). मजा अशी की तुमचं हॉटेल मेस्त्रेला असेल तर मेस्त्रे हा व्हेनिस पालिकेचाच भाग, तिथला रात्रीचा कर भरता म्हणून ही फी माफ, फक्त नोंद करावी लागते. पण "व्हेनिसजवळ" म्हणजे जर पादोव्हा किंवा येसोलो असेल तर माफ नाही. तुमचा मंगळवार आहे म्हणून बहुतेक सुटाल, तरी तारखांची यादी बघून ठेवा.

सावकाश_चाला

गोंडोलाबद्दल माझे दोन शब्द. पालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, संध्याकाळी सातनंतर ११० (तेव्हा पस्तीस मिनिटं), आणि तो पूर्ण नावेचा आहे, माणशी नाही. एका नावेत पाच जण बसतात. म्हणजे तुमच्यासारखी आणखी दोन माणसं धरली की माणशी १८ युरो. आता ऑप्शनलच्या यादीत माणशी काय लिहिलंय ते बघा आणि स्वतःच ठरवा. टूरवाले त्यात थोडं जास्त लावतात ते काही गुन्हा नाही, रांगेची, बोलणीची कटकट वाचते, पण फरक किती आहे ते माहीत असावं. चढता-उतरताना नाव हलते, गोंडोलियर हात देतो, बाबांना आधी उतरू द्या.

युंगफ्राउयोख मात्र जोडूच नका. टिटलिस आहे ना. एका स्वित्झर्लंडमध्ये दोन बर्फाचे डोंगर कशाला? युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, १९१२ ची रेल्वे आहे, इंजिनिअरिंग म्हणून अफाट आहे, पण त्याचं तिकीट सगळ्यात महाग आणि ल्यूसर्नहून जाऊन येऊन अख्खा दिवस. तो दिवस तुमच्याकडे नाहीये, म्हणजे टिटलिस सोडून ते करायचं असंच त्यांचं गणित असणार, म्हणून टिटलिसचे पैसे परत मिळतात का विचारा. टिटलिसला ती गोल फिरणारी केबिन पाच मिनिटांत पूर्ण फिरते, सगळ्यांना सगळं दिसतं. एंगेलबर्ग हजार मीटरवर, वरचं स्टेशन तीन हजारांवर, अर्ध्या-पाऊण तासात दोन हजार मीटर चढता, तेव्हा वर गेल्या गेल्या पळापळ नाही. हळू चालायचं, पाणी प्यायचं, डोकं जड वाटलं तर खालच्या मधल्या स्टेशनला उतरून बसायचं. वरचा झुलता पूल (२०१२ चा आहे, शंभरेक मीटरचा) फुकट आहे, आईंना आवडेल.

ल्यूसर्नमध्ये संध्याकाळ मोकळी मिळाली तर ती ढापा. लाकडी चॅपेल ब्रिज, १९९३ ला जळाला होता, परत बांधला, आणि तिथून थोडं चालत दगडात कोरलेला मरणारा सिंह. १७९२ मध्ये पॅरिसला राजवाडा राखताना मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं स्मारक आहे ते. काही तिकीट नाही. घड्याळाच्या दुकानात जो दीड तास देतात तो टाळून हे बघा, दुकान काही पळून जात नाही.

रूळावरून

बरं बाबा, टूरच करा, हरलो. मग निदान हे करा: ऑप्शनलचे उरलेले पैसे कलोसियमच्या आत जायला वापरा. इटलीला जाऊन ते बाहेरून बघणं मला सहनच होत नाही. रोमचे दोन दिवस कसे आहेत?

उनाडमैना

बुधवारी रात्री पोचतो (पिसा करून), गुरुवारी सकाळी व्हॅटिकन, दुपारी रोम पॅनोरॅमिक, शुक्रवारी विमान संध्याकाळचं आहे.

रूळावरून

मग शुक्रवार सकाळ तुमची! संध्याकाळचं विमान असेल तर ग्रुप बहुतेक हॉटेलच्या लॉबीत बॅगांवर बसून असतो. कलोसियमची तिकिटं नावावर असतात, पासपोर्ट दाखवायला लागतो, वेळ ठरलेली असते, आधीच ऑनलाइन घ्या, सगळ्यात पहिला स्लॉट. वरच्या मजल्याला लिफ्ट आहे, बाबांसाठी विचारा. फोरम (शेजारचे जुने रोमन अवशेष) त्याच तिकिटात येतं पण तिथे खडबडीत दगड आहेत, गुडघा बघून. बॅगा हॉटेलात ठेवून टॅक्सीने जा-या. टूर मॅनेजरला लेखी कळवा की तुम्ही ग्रुपला अमुक वाजता भेटताय.

जुना_वाटाड्या

हो, हे करा, मीही लोकांना हेच सांगायचो. व्हॅटिकन गुरुवारी आहे ते नशीब, बुधवारी सकाळी पोपची सभा असते आणि बॅसिलिकात जायचे वांधे होतात, रविवारी म्युझियम बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांचेही, जूनच्या उन्हात लोक अर्ध्या चड्डीत येतात आणि दारावरून परत जातात. सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो नाही आणि गाइड आत बोलत नाही, जे सांगायचं ते बाहेर अंगणातल्या फलकापाशी सांगतो, तेव्हा तिथे लक्ष द्या, आत गेल्यावर कुणाला काही विचारता येत नाही.

पिसाबद्दल कंपनीला एक सुचवून बघा. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला मंगळवारी दुपारी निघताय, साडेतीन तासांत पोचता. जूनमध्ये उजेड नऊपर्यंत असतो. मंगळवारी संध्याकाळीच फ्लॉरेन्स शहर फिरवलं तर बुधवारी सकाळी थेट पिसा आणि मग रोम, दिवस सुसह्य होतो. अट एवढीच की ड्रायव्हरचे तास बसले पाहिजेत आणि फ्लॉरेन्सच्या गाइडची वेळ बदलली पाहिजे. पंधरा दिवस आधी सांगितलं तर होतं, आदल्या दिवशी सांगितलं तर होत नाही. पिसाला पण बस मनोऱ्यापाशी जात नाही हं, पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं चाल आहे, किंवा छोटी गाडी मिळते, बाबांना त्यात बसवा.

चिल्लर_पार्टी

सगळे मोठे मोठे विषय बोलले, मी छोटा बोलते. सुट्टे नाणी! जर्मनीत मोटरवेवरच्या बऱ्याच टॉयलेटला १ युरो लागतो, वर कुपन मिळतं जे तिथल्याच दुकानात कॉफी-बिस्किटावर वळतं होतं, ती कुपनं सगळेजण खिशात घेऊन घरी येतात. इटलीत हायवेवरच्या थांब्यावर उलट, टॉयलेट सहसा फुकट पण कॉफीसाठी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग काउंटरवर दाखवायची, हे माहीत नसलं की माणूस काउंटरसमोर हात हलवत उभा राहतो आणि थांबा संपतो. बसमध्ये टॉयलेट असलं तरी ड्रायव्हर ते वापरू देतीलच असं नाही, विचारून घ्या.

मोबाइलचं इंटरनेट घेताना स्वित्झर्लंड त्यात आहे का ते स्पेशली बघा, तो युरोपियन युनियनमध्ये नाहीये, कितीतरी "युरोप" प्लॅनमध्ये तो वगळलेला असतो आणि नेमकं टिटलिसवरून व्हिडिओ कॉल करताना कळतं. पैसे पण तिथे फ्रँक. युरोच्या नोटा बऱ्याच दुकानांत घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये परत देतात, दोन रात्रींसाठी कार्डच बरं.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, नळाचं पाणी सगळीकडे पिण्याचं आहे, रोममध्ये तर रस्त्यावर नळ सतत वाहत असतात. आणि हॉटेलच्या सिटी टॅक्सचं विचारा, इटलीत तो माणशी-रात्री वेगळा लागतो, टूरच्या पैशात आहे की तिथे रोख मागणार?

पाकीटमार: आयफेलसमोरचा त्रोकादेरो, पॅरिसची मेट्रो, त्रेव्ही कारंज्याची गर्दी. कुणी सही करायला कागद पुढे केला किंवा हातात दोरा बांधायला आला तर हात खिशात आणि चालते व्हा.

उनाडमैना

कंपनीशी बोलले. सीट रोज फिरती आहे म्हणे. ग्रुप चाळीसचा, व्हेनिसला दोन गाइड तेच देणार. हॉटेल मेस्त्रेला आहे, ते लेखी मागितलंय. फ्लॉरेन्स मंगळवारी संध्याकाळी करायचं "बघतो" म्हणालेत. कोलोन-ल्यूसर्नचं विचारलं तर टिटिसी काढता येणार नाही म्हणाले, तिथे कोकीळ-घड्याळांच्या दुकानात ठरलेलं आहे 🙂 व्हिसा कुठल्या देशाचा ते विचारलं तर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली.

जुना_वाटाड्या

जिथे मुक्काम जास्त तो देश. तुमच्या कार्यक्रमात इटलीत चार रात्री आहेत, फ्रान्स-स्वित्झर्लंड दोन दोन, तेव्हा इटली. समान असते तर जिथे पहिल्यांदा उतरता तो. शेंगेन एकच व्हिसा सगळीकडे चालतो, स्वित्झर्लंडलाही. फक्त मधेच कुणी "दोन दिवस लंडन जोडूया" म्हणालं तर नाही म्हणा, तो वेगळा व्हिसा. आणि पॅरिसला उतरल्यावर बोटांचे ठसे-फोटो घ्यायची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, रांग लांब असू शकते, पहिल्या संध्याकाळी सेनची बोट ठेवली असेल तर ती दुसऱ्या दिवशी हलवायला सांगा.

टिटिसीला तळ्याकडे जा, दुकानात लाकडी पक्षी ओरडून दाखवायचा कार्यक्रम दहा मिनिटांत संपतो, त्यानंतर सगळे कोपऱ्यातल्या टॉयलेटच्या रांगेत असतात. तुम्ही आधी टॉयलेट आणि मग तळं असं उलटं करा.

सावकाश_चाला

आणि टिटलिसच्या सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या त्यांच्या वेबसाइटवरचा वेबकॅम उघडा. वर पांढरं धुकं दिसत असेल तर टूर मॅनेजरला तेव्हाच विचारा की सकाळी ल्यूसर्न आणि दुपारी डोंगर असं करता येईल का. ग्रुपचं तिकीट असतं, प्रत्येक वेळी जमतं असं नाही, पण विचारणारं कुणी असलं तरच ते फोन करतात.